अकरा इंच

"काकू, जरा जपून हं, गाडीला ओरखडा पडेल," विक्रेता म्हणाला.

मी नव्या पिकअपच्या सीटला टेप लावली होती. तीस वर्षं आमच्या काचेच्या धंद्यासाठी खिडक्यांची मापं घेतेय, माझ्या टेपनं आजवर कशालाच ओरखडा पडलेला नाही. पण याच्या कुठं तोंडी लागायचं? जमिनीपासून सीट एकतीस इंच. आमच्या जुन्या स्टेशन वॅगनची वीस. दोन्ही आकडे वहीत उतरवले.

मुलगा बापाला पटवत होता. "बाबा, वॅगनमध्ये पाच फुटांच्या वरची काच जात नाही. यंदा तीन मोठी कामं हातची गेली. हिच्यात आठ फुटी काच उभी जाईल."

त्याचं खरं होतं. वॅगन चढावर कण्हायची, मागचं दार चार शिव्या दिल्याशिवाय लागायचं नाही. पण सीट बुटकी. माझा डावा पाय लहानपणापासून नावापुरताच. वॅगनमध्ये कुबडी आत सरकवायची, दारावरचं हँडल धरायचं आणि बसायचं. बावीस वर्षांत कुणाचा हात लागला नाही मला.

"बसून बघतेस?" ह्यांनी विचारलं.

बघितलं. जमेना. मुलानं काखेत हात घालून मला उचललं आणि सीटवर नेऊन ठेवलं, पोतं ठेवावं तसं. पोरानं मायेनंच केलं. पण विक्रेत्यानं मान वळवली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, नाहीतरी तू आता आराम कर. मापं मी घेत जाईन."

"शाळेच्या खिडकीचं घेतलंस तसं?"

अर्ध्या इंचानं मोठी निघालेली ती काच अजून आमच्या भिंतीला टेकून उभी आहे.

"हिनं माप घेतल्याशिवाय मी काच कापत नाही," हे म्हणाले. एवढंच. हे दिवसभरात बोलतात ते असं मोजूनमापून.

"गाडी घेऊ या," मी म्हणाले, "पण घरी यायच्या आधी वेल्डरकडे जाईल." वहीत दोन रेघा मारल्या आणि पान फाडून मुलाच्या हातात दिलं. अकरा इंचांवर रुंद पायरी, तिच्याखाली निम्म्यावर आणखी एक. वरच्या पायरीवर उभं राहिलं की सीट बरोब्बर वीस इंच. मुलगा कागदाकडे बघतच राहिला. बघू दे.

आठवड्यानं सकाळी विकलेली वॅगन गेली. ती वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते. रडले, लपवत नाही.

दुपारी पहिल्या कामाला निघालो. ह्यांनी पिकअपचं दार उघडलं. आत वॅगनचंच हँडल बसवलेलं, माझ्या चार बोटांनी रबर झिजलेलं.

"घेणाऱ्यानं विचारलं नाही?"

"विचारलं. म्हटलं, ते गाडीचं नाही, आमच्या घरातलं आहे."

मग नवी गाडी म्हणून असेल, ह्यांनी हात पुढे केला. मी त्या हातात कुबडी दिली. एक पायरी, दुसरी पायरी, हँडल. बसले. कुबडी परत घेतली आणि दार माझं मीच ओढून लावलं.