हिरवी पूड

डाव्या पायातला बूट मागेच राहिला हे ग्लेनिस ट्रेनेरीला कळलं नाही. दवाखान्याच्या बोळातून ती चार पावलं तशीच पुढे गेली. परिचारिकेनं बूट उचलून हाक मारली, तेव्हा बाकावर बसलेल्या तिघांनी एकदम तिच्या भोक पडलेल्या मोज्याकडे पाहिलं. ग्लेनिसनं बूट जवळजवळ हिसकावून घेतला आणि भिंतीला टेकून पायात चढवला. पाय आत गेला की नाही, हे तिला वाकून डोळ्यांनी बघावं लागलं.

डॉक्टर ऑल्डिस हे वर्षभरात गावात आलेले तिसरे डॉक्टर. पहिल्यानं तिला तिचं वय सांगितलं होतं, जणू ते तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं पाणी जास्त प्यायला सांगितलं. यांनी रक्ताच्या तपासणीचा कागद तिच्यापुढे सरकवला. रक्त उत्तम, लोह उत्तम, साखर उत्तम. मग खुर्ची तिच्याकडे वळवून, आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, नवऱ्याला जाऊन किती दिवस झाले?

"दोन वर्षं," ग्लेनिस म्हणाली. "आणि तो काही माझ्या तळव्यांत राहत नव्हता."

डॉक्टर समजूतदारपणे हसले आणि त्यांनी मन हलकं करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. ग्लेनिसच्या मते मन म्हणजे डॉक्टर लोकांची अडगळीची खोली होती. जे कुठे बसत नाही ते तिथे ढकलायचं आणि दार ओढून घ्यायचं. चिठ्ठी तिनं गाडीशी पोचायच्या आतच चुरगाळली.

तिची जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती, कोमट चहासुद्धा झोंबायचा. मुंग्या आधी पायांच्या बोटांत होत्या, मग घोट्यापर्यंत चढल्या, आता गुडघ्यांखाली येऊन थांबल्या होत्या. सकाळी कुत्र्याला हाक मारायला तोंड उघडावं आणि नाव आठवू नये, असंही दोनदा झालं. कुत्रा नुसता बघत उभा राहिला. त्याच्या नजरेत दया असावी, असा संशय येऊन तिनं त्यालाही झापलं.

दया करण्यात सगळ्यांत पुढे होती तिची नणंद, मार्गो. जुन्या पोस्टाच्या इमारतीत मार्गोचं दुकान होतं. तिथे उदबत्त्या, रंगीत दगड आणि डबाबंद चूर्णं मिळत. त्यातली एक हिरवी पूड सगळ्या दुखण्यांवर चालते, असं मार्गोचं म्हणणं. फुटबॉल क्लबच्या जेवणात ग्लेनिस भर पंगतीत म्हणाली होती, "मार्गोनं गवत वाळवून विकायला काढलंय. माझ्या मेंढ्या तेच फुकट खातात." सगळे पोट धरून हसले. मार्गोही हसली, आणि दुसऱ्या दिवशी ग्लेनिसच्या व्हरांड्यात एक डबा ठेवून गेली.

तो डबा ग्लेनिसनं कचऱ्यात टाकला. दुसराही टाकला. तिसरा आला तो जूनमध्ये, तळवे बधिर झाले त्या आठवड्यात. सहा किलोमीटरच्या आत दुसरं माणूस नव्हतं, तरी तिनं स्वयंपाकघराचा पडदा ओढला आणि दोन चमचे पाण्यात ढवळून नाक दाबून प्यायली. महिन्याभरात अंगातला थकवा कमी झाला. याचा तिला इतका राग आला, की पुढच्या रविवारी तिनं चर्चच्या दारात मार्गोच्या दगडांवरून आणखी दोन विनोद केले. डबा संपत आला की नवा यायचा. मार्गो विचारायची नाही, ग्लेनिस सांगायची नाही.

मार्चमध्ये ती मेंढ्यांच्या वाड्यात पडली. मागे वळून बघायला गेली आणि पाय जिथे आहेत असं तिला वाटत होतं तिथे ते नव्हतेच. तीनशे मेंढ्या फाटकाकडे निघाल्या होत्या. एक तिच्या खांद्यावर पाय देऊन गेली. डबा घेऊन आलेल्या मार्गोला ती तशीच धुळीत बसलेली सापडली.

मार्गोनं तिला हाताला धरून उठवलं. ॲडलेडमधल्या नसांच्या डॉक्टरांकडे ती गेला महिनाभर फोन करत होती, हे तिनं त्या दिवशी सांगितलं. वेळ मंगळवारची मिळाली होती. चार तासांच्या रस्त्यावर ग्लेनिसनं मार्गोची गाडी, गाडीतला वास, तिचं गाणं लावणं आणि वळणं घेणं, सगळ्याला नावं ठेवली. मार्गो चालवत राहिली.

डॉक्टर वासिलियू साठीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ग्लेनिसला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच ती मार्गोच्या अंगावर कोसळली. मग त्यांनी एक कंप पावणारा लोखंडी चिमटा तिच्या घोट्याला टेकवला.

"कळतंय?"

"काय कळायचंय?"

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले. "काही घेता का तुम्ही? गोळ्या, टॉनिक, पूड, दुकानात मिळणारं काहीही?"

"नाही."

मार्गोनं मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं. आपल्याला माहीत असलेलं मार्गोलाही माहीत आहे, हे ग्लेनिसला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. जूनपासून माहीत होतं. चर्चच्या दारातले विनोद ऐकतानाही.

"विचारायला कारण आहे," डॉक्टर म्हणाल्या. पाय एक सांगत होते आणि रक्त दुसरंच. शरीरात बी-बारा कमी पडलं की बहुतेकदा आधी रक्त बिघडतं आणि त्यावरून डॉक्टर सावध होतात. पण दुसरं एखादं जीवनसत्त्व पोटात जात असेल, तर रक्त नीटनेटकं दिसत राहतं आणि आत नसा झिजत जातात. रक्त चांगलं दिसलं म्हणून बी-बारा कुणी तपासलंच नव्हतं.

ग्लेनिस ऐकत राहिली. तिच्या गावाकडच्या किनाऱ्याच्या वाळूत कसलीतरी उणीव होती. तिथली कोकरं खंगायची, नीट चरायची नाहीत, मागे पडायची. तीस वर्षं ती त्यांना दरसाल हेच बी-बारा टोचत आली होती. त्या लाल औषधाची अर्धी बाटली आत्ताही घरच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी होती.

"रोज दोन चमचे," ती म्हणाली. "गेल्या जूनपासून."

कसली पूड, असं डॉक्टरांनी विचारलं. डब्यावरचा मजकूर ग्लेनिसनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता म्हणून दाखवला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"फोलेट, तेच ते दुसरं जीवनसत्त्व. तरीच. असलं विकणाऱ्यांना कोर्टात उभं करायला हवं. स्वतःला काडीचं कळत नाही आणि लोकांच्या जिवाशी खेळतात."

गेली वीस वर्षं ग्लेनिस हेच म्हणत आली होती. शब्दसुद्धा जवळपास हेच. मार्गोची मान कानांपर्यंत लाल झाली होती.

"तीन डॉक्टरांनी मला सांगितलं, तुला काही झालेलं नाही," ग्लेनिस म्हणाली. "तिनं एकदाही तसं म्हटलं नाही."

"कुणी?"

"पूडवालीनं."

तपासणीत निघालं ते असं, की ग्लेनिसचं पोट अन्नातलं बी-बारा घेतच नव्हतं. आता जन्मभर इंजेक्शनं. जीभ बरी होईल, विसरभोळेपणाही बहुधा जाईल. पायांचं सांगता येत नव्हतं. वर्षभरात जे गेलं, त्यातलं काही परत येतं, काही येत नाही.

परतताना मार्गोनं गाणं लावलं नाही. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "त्यातलं माझ्यामुळे किती गेलं गं?"

"समोर बघून चालव," ग्लेनिस म्हणाली.

ॲडलेडहून पत्र आल्यावर डॉक्टर ऑल्डिसांचा फोन आला. आपल्यालाही तशी शंका होतीच, असं ते सांगू लागले. ग्लेनिसनं फोन टेबलावर ठेवला आणि त्यांचं संपेपर्यंत भांडी घासली. त्यांच्या दवाखान्यात ती पुन्हा गेली नाही. इंजेक्शन द्यायला मार्गो शिकली. पहिल्यांदा तिचे हात इतके कापले, की ग्लेनिस म्हणाली, माझी कोकरंसुद्धा एवढी थरथरत नाहीत.

महिन्यातून एकदा तळव्यांना टाचणी लावून बघायची, असं डॉक्टर वासिलियूंनी सांगितलं होतं. एप्रिल गेला, मे गेला. दोन्ही वेळा ग्लेनिसनं "नाही" म्हटलं. दोन्ही वेळा मार्गो टाचणी पुसून, भराभर सामान आवरून चहा न घेता निघून गेली. दुकानातली हिरव्या पुडीच्या डब्यांची फळी तिनं रिकामी केलीय, असं गावात कुणीतरी म्हणालं.

जूनच्या शेवटी मार्गो पुन्हा जमिनीवर तिच्या पायांपाशी बसली.

"डोळे मीट."

ग्लेनिसनं मिटले, मग किंचित उघडले. नणंदेच्या केसांतला पांढरा भांग तिला दिसला. टाचणी अंगठ्याखाली टेकली होती. तिच्या टोकाखाली कातडीला खळगा पडलेला दिसत होता. मार्गोनं श्वास धरला होता. पाय कुणा दुसऱ्याचा असावा, तसा तिथे पडला होता.

"कळतंय का काही?"

"हळू," ग्लेनिस म्हणाली. "टोचतंय मला. माणसाचा पाय आहे तो, मार्गो."