चौथ्या पिढीतला धर्मराज

टेंभुर्णीत रामकिसनच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी कोरा कागद निखाऱ्यावर धरला आणि त्यावर तपकिरी नावं उमटू लागली. कारभारी, सर्जेराव, रखमाजी... आमच्या घराण्याच्या सहा पिढ्या! बाया हात जोडून रडायला लागल्या.

एका नावावर महाराजांचं बोट थांबलं. "धर्मराज! निपुत्रिक गेला. त्यानंच धरलंय या पोरीला. डॉक्टरच्या गोळ्यांनी तो चवताळून राह्यला. आजपासून गोळ्या बंद!"

पोरगी म्हणजे रामकिसनची सून बेबीनंदा. तिला मिरगी होती. जालन्याच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून सहा महिने झटका आला नव्हता. गोळ्या बंद झाल्या असत्या, तर चुलीपाशी, विहिरीवर, कुठंही पडली असती. रामकिसन, माझा चुलतभाऊ, गोळ्या उकिरड्यावर फेकायला निघालासुद्धा.

मी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या गर्दीतले निम्मे माझेच विद्यार्थी. खरं सांगतो, तेच तेच समजावून वीट आला होता. तरी उठलो.

"थांब, रामकिसन. लिंबाच्या रसानं लिहिलेलं वाळलं की दिसत न्हाई, शेकलं की उमटतं. सातवीत दाखवलं होतं की रे सगळ्यांना!"

"पण दादा, नावं बराबर कशी आली?"

"यांचा चेला मागच्या आठवड्यात कुठं उतरला होता?"

"आमच्याकडंच आल्ता. बैठकीत झोपला."

त्याच बैठकीत मी केलेली वंशावळ टांगलेली होती. दोन वर्षं गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून मी ती जुळवली आणि झेरॉक्स काढून भाऊबंदांना वाटली होती.

"काय बी असंल, पण धर्मराज खवळला तर?" रामकिसन रडकुंडीला आला होता.

आता लपवून भागणार नव्हतं. "चौथ्या पिढीतल्या एका भावाचं नाव कुणालाच आठवंना. जागा रिकामी दिसू नये म्हणून मीच ठोकून दिलं, धर्मराज. या नावाचा माणूस आपल्यात झालाच न्हाई!"

महाराज मला नास्तिक म्हणत जीपकडे निघाले. तेव्हाही चार-दोन जण त्यांच्या पाया पडायला धावले. मी त्यांना एवढंच म्हणालो, "अरे, पाया पडण्याआधी विचारा तरी, याला हे कळलं कुठून? विचारायला शिका."

बेबीनंदानं सासऱ्याच्या हातातून गोळ्या घेतल्या. मग माझ्याकडे वळली.

"सर, मी विचारू? त्या वंशावळीत माझं नाव कुठं हाय?"

नव्हतं. सहा पिढ्यांत मी एकाही बाईचं नाव लिहिलं नव्हतं.