निर्धूर चुलीचा धूर

घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणून माणसं मोकळी होतात. पण सोमीच्या घरातली मातीची चूल एका वर्षी तिच्या आणि तिच्या सुनेच्या मध्ये येऊन बसली आणि काही केल्या उठेना. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट.

वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला सोमीचं घर. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पावसावर पिकणारा भाताचा तुकडा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा गोमा बोईसरला बांधकामावर होता, तो शनिवारी घरी यायचा. घरात सोमी, सून भागी आणि भागीची वर्षाच्या आतली पोर, जमना. आणि घरभर धूर. तीन धोंड्यांची चूल पेटली की धूर कौलांत जायचा, तिथे कंटाळला की परत खाली यायचा.

जमनाला खोकला लागला तो जाईचना. पालघरच्या डॉक्टरने औषध दिलं आणि सांगितलं, पोरीला धुरात ठेवू नका. आता धुरात नाही ठेवायचं तर कुठे ठेवायचं? भागी पोरीला घेऊन माहेरी, बोईसरजवळच्या सालवडला गेली. तिथे तिचा भाऊ कारखान्यात होता, दोन खोल्यांत राहायचा, आणि स्वयंपाकाला त्याच्याकडे रॉकेलचा स्टो होता. पोरीचा खोकला आठ-पंधरा दिवसांत उतरला. मग काय विचारता! भागीची आई नर्मदा फणकारली, "धूर हाय तवर माझी लेक त्या घरात पाय ठेवायची नाय."

हे गोमाने येऊन सांगितलं तेव्हा सोमीचं टाळकं सटकलं. "आमी काय धुरात मेलो? तुला याच धुरात वाढवला ना?" ती म्हणाली. बोलता बोलता फुंकणीने चूल फुंकत होती, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्या तिने पदराने पुसल्या आणि पुढे बोलायचं राहून गेलं.

गोमाने बोईसरच्या बाजारातून एक स्टो आणून पाहिला. सोमीने त्यावर तांदळाची भाकरी टाकली. भाकरी मध्ये करपली, कडेला कच्ची राहिली आणि घरभर रॉकेलचा वास सुटला. "ही भाकरी खायची का दिव्यात घालायची?" असं म्हणून तिने स्टो माळ्यावर टाकला. गोमा निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आये, नाय जमलं तं मी पन तिकडंच राहीन. दर शनवारचं जानं-येनं तरी वाचंल." सोमीला ते लागलं. जाणं-येणं वाचेल म्हणे! आई वाचेल की नाही, ते कोणी बघायचं?

अशात गावात मंदाताई आल्या. सरकारी योजनेतून निर्धूर चुली घालून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बिनधुराची चूल म्हणजे बिनपाण्याची विहीर, असं शेजारची ठकी म्हणाली. पण सोमी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "बाई, माझ्या घरात घाला. आधी माझ्या."

भात कापून झालं होतं, थंडी पडायला लागली होती, तेव्हा चूल घातली. लाल माती, भुसा आणि शेण मळून सोमीनेच दिलं. पुढे लाकडं घालायचं तोंड, वर भाकरीच्या तव्याची जागा, मागे कालवणाचं भांडं ठेवायला दुसरं भोक, म्हणजे वैल, आणि वैलाच्या मागून कौलांच्या वर गेलेला पाइप. तोंडापासून वैलापर्यंत आणि वैलापासून पाइपापर्यंत मातीच्या पोटातून वाट काढलेली होती. जाळ त्या वाटेने जाणार आणि धूर पाइपातून बाहेर.

मंदाताई अंगाने भरलेल्या आणि स्वभावाने खमक्या होत्या. त्यांनी बाही वर करून वैलातून हात आत घातला, फिरवून दाखवला आणि म्हणाल्या, "आजी, नीट ऐका. लाकूड सुकं आणि बारीक फोडलेलं. वैलावर कायम भांडं ठेवायचं, उघडा सोडायचा नाही. पाइपात महिन्याने काठीला फडकं बांधून फिरवायचं. आणि आठवड्याच्या बाजारादिवशी असा हात घालून काजळी काढायची. हात सहज फिरला म्हणजे चूल चांगली आहे असं समजायचं."

"फिरंल," सोमी म्हणाली. हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

आणि काय सांगावं, चूल चालली! पहिल्या दिवशी सोमी भाकरी टाकायची सोडून तीनदा बाहेर धावली आणि कौलांवरून निघणारा धूर बघून आली. ठकीला हाताला धरून आणली. ठकीने घरात येऊन नाक वर करून चारी बाजूंनी हुंगलं आणि म्हणाली, "मेली खरंच बिनधुराची हाय." सोमीने शनिवारी गोमाला निरोप दिला, भागीला घेऊन ये.

निरोपाचं उत्तर विहिणीकडून आलं. "नव्याचे नव दिस. शिमग्यापत्तर चालू दे, मंग बगू."

सोमीने ते उत्तर गिळलं आणि चुलीवर माया करायला लागली. पहाटे राख काढायची, शेणामातीचा काला करायचा, पोतेरं बुडवून चूल सारवायची. ती तिची लहानपणापासूनची सवय. न सारवलेल्या चुलीवर पहिली भाकरी टाकायची नाही, हा तिच्या आईचा शिरस्ता. आता एवढी देखणी चूल, तिला बाहेरून सारवायची आणि आतून तशीच काळी ठेवायची, हे सोमीच्या जिवाला पटेना. तोंड धुवायचं आणि चूळ भरायची नाही, असं कुठे असतं का? म्हणून ती वैलातून हात घालायची आणि आतूनही पोतेरं फिरवायची, अगदी हौसेने, पार पाइपाच्या मुळापर्यंत. बाजाराच्या दिवशी मंदाताईंनी सांगितलेलं करायची. हात घालायची, काजळी काढायची, हात फिरवून बघायची. फिरायचा. मग समाधानाने बाजाराला जायची.

थंडी सरत आली आणि चुलीला काय झालं कोण जाणे, धूर तोंडातून बाहेर यायला लागला. आधी थोडा. सोमीला वाटलं, लाकूड ओलं असेल. तिने लाकडं उन्हात टाकली, बोटाएवढी बारीक फोडली. धूर वाढला. मग वाटलं, वैल उघडा राहत असेल. तिने वैलावर पाण्याचा हंडा ठेवला आणि कडेने ओली चिंधी लावली. धूर तसाच.

ठकीने नाकावर पदर धरून निदान केलं, "वारा फिरला. आता समुद्राकडचा वारा सुटतो, त्यो पायपात शिरतो." पण वारा नसला तरी धूर यायचा. म्हातारा जिवल्या भगत येऊन बसला, चुलीकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "जुनी चूल मोडलीस, तिला इचारलं व्हतंस? तिचे धोंडे कुठं टाकलेस?" धोंडे ओहोळात टाकले होते. सोमी ओहोळात उतरली. तिथे धोंडे पुष्कळ होते आणि सगळे सारखेच दिसत होते. आपले कोणते, तिला कळेना. शेवटी त्यातल्या त्यात काळा एक धोंडा तिने डोक्यावरून घरी आणला, चुलीशेजारी मांडला आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं. धोंडा परका असला तर? ही शंका तिला घरी आल्यावर आली, पण तोवर कुंकू लावून झालं होतं.

शनिवारी गोमा आला. कौलांवर चढून त्याने पाइपात बांबूला फडकं बांधून वर-खाली केलं. मूठभर काजळी पडली, बाकी पाइप स्वच्छ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं त्या पाइपाला त्याने दोन शिव्या घातल्या आणि खाली उतरला.

"आये, तू आत साफ करतेस ना?"

"रोज," सोमी म्हणाली. तिने त्याच्यादेखत हात घातला, फिरवला. "ह्या बघ. हात जातो. बाईनी सांगितलं तसा जातो."

सोमीचं डोकं चालेनासं झालं. मेहनत कमी पडली म्हणावं तर मेहनत वाढली की धूर वाढत होता. नियम चुकला म्हणावं तर एकही चुकला नव्हता. ती बसल्या बसल्या मंदाताईंचे नियम पुटपुटायची. लाकूड सुकं, वैल झाकलेला, पाइप साफ, हात फिरतो. मग धूर का? मंदाताईंना विचारावं तर त्या चुली घालत पार जव्हारकडे गेलेल्या.

"आये," गोमा जाताना चपला घालत म्हणाला, "पुडल्या आईतवारी भागी येते. तिची आई म्हनली, बघून ये. धूर असला तं ती सांजच्या गाडीनं परत जाईल." थोडं थांबून, आईकडे न बघता तो पुढे म्हणाला, "मंग मी पन खोली बघतो सालवडला."

तो आठवडा सोमीने कसा काढला तिलाच ठाऊक. एकदा वाटायचं चूल फोडून टाकावी, एकदा वाटायचं तिच्या पाया पडावं. शेवटी तिला येत होतं तेच तिने केलं. रविवारी पहाटे उठून ताजं शेण आणलं, माती चाळून घेतली आणि चूल बाहेरून, आतून एकदा सोडून दोनदा सारवली. पाहुणी यायची होती ना!

भागी आली. जमना अंगाने भरली होती, गालांवर तकाकी होती, आणि आजीला ओळखत नव्हती. सोमीने हात पुढे केले तर पोरीने आईच्या खांद्यात तोंड लपवलं. सोमीने हात मागे घेतले आणि हसून म्हणाली, "बसा, भाकरी टाकते." तिने काटक्या लावल्या, काडी ओढली.

जाळ धरलाच नाही. आतून एक मोठा ढग आला, पांढरा, दाट, आणि घरभर पसरला. जमना खोकली. पुन्हा खोकली. भागी पोरीला घेऊन बाहेर गेली आणि अंगणात पाठमोरी उभी राहिली. गोमाने काटक्या बाहेर ओढून पाणी मारलं.

सोमी धावत बाहेर आली. "भागे, मी सगळं केलं गं. सगळं बाईनी सांगितलं तसं. हात पन जातो. चल, तुला दाखवते. हात जातो!" तिचा आवाज चिरकला होता. आपण सुनेची विनवणी करतोय याची तिला लाजही वाटत नव्हती.

भागीने सासूकडे पाहिलं. सासूचे डोळे लाल, कोपरापर्यंत शेण. तिने जमनाला गोमाकडे दिलं आणि आत आली. सोमीने वैलात हात घातला. सुकलेला, काटकीसारखा हात सरसर आत गेला. "ह्या बघ."

"सर बाजूला," भागी म्हणाली. तिने आपला हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि बांगड्यांशी अडला. तिने रेटला, एक बांगडी कडकन फुटली. भागी हात बाहेर काढून क्षणभर त्या भोकाकडे बघत राहिली.

"आये, ह्यात तुझाच हात जातो. दुसऱ्या कुनाचा नाय जायचा. धुरानं कुठून जावं?"

सोमीला काही उमजेना. भागीने कोयता घेतला आणि टोकाने आत खरवडलं. मातीची एक ढेप निघाली, जाड, कडेने पापुद्रे पापुद्रे दिसणारी. दुसरी निघाली. तिसरी. रोज सकाळचा एक थर, त्यावर दुसऱ्या सकाळचा, त्यावर तिसऱ्या. सोमीच्या हाताने सोमीच्या हाताएवढीच वाट ठेवली होती, आणि बाजाराच्या दिवशी तोच हात घालून ती वाट तपासली होती. हात जाणार कसा नाही? इतके दिवस वाऱ्याला, लाकडाला, ओहोळातल्या धोंड्याला विचारून झालं, आणि दोष आपल्या मनगटाला टांगलेला!

"रोज सारवायचीस? आतून?" भागीने ढेप हातात धरून विचारलं.

"रोज."

"घरात तू एकटी. एका जिवाची भाकरी. एवढं रोज कशाला?"

सोमी मान खाली घालून म्हणाली, "तू कोनत्या दिशी येशील ते सांगून गेली नव्हतीस."

ढेपेच्या कडेला ते पापुद्रे होते, भागीने त्यावरून अंगठा फिरवला. मग ढेप बाजूला ठेवून ती पुन्हा खरवडायला लागली. बाहेर गोमा पोरीला कोंबड्या दाखवत होता.

वाट मोकळी झाली. भागीने हात घातला, बांगड्यांसकट फिरवून पाहिला. काटक्या लावल्या. जाळ हुंकारत मागे ओढला गेला आणि घरात धुराची रेघही उठली नाही. सोमी सवयीने कौलांकडे बघत बाहेर धावली आणि पाइपातून निघणारा धूर बघून तिथेच रडायला लागली.

ती आत आली तेव्हा भागी तवा ठेवून पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "बाहेरून तू सारव. आत पोतेरं घालायचं नाय. बाजाराच्या दिशी आत हात मी घालीन."

बाजाराचा दिवस मंगळवार. सालवडची गाडी आज सांजेची. सोमीला हिशेब लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा ती सुनेजवळ उकिडवी बसली, फुटलेल्या बांगडीची काच तिने जमिनीवरून उचलली आणि म्हणाली, "मंग मंगळवारी आधी नवी बांगडी घेऊ. तिच्याबिगर हात घालू नको."