कानाडोळा

बसण्याआधी धाकटीने टाच जमिनीवर आपटून पाहिली. जमीन जहाजाच्या फळ्यांसारखी दिसत होती, खिळ्यांची डोकीसुद्धा होती, पण टाचेखाली नुसतं ठक्क झालं आणि आवाज तिथल्या तिथे मेला. सिमेंट होतं, वरून रंगवलेलं.

"खुर्ची हलते का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिने टाच पुन्हा एकदा आपटून पाहिली.

बाहेर भर दुपार होती. आकाशपाळण्यांवरून येणाऱ्या किंकाळ्या दारापर्यंत पोचत होत्या. दार लोटलं की आत कायमची संध्याकाळ. छताला प्लास्टिकची झापं, भिंतींवर लाकडी मुखवटे, त्यांच्या डोळ्यांत लाल दिवे. काउंटरमागे फुलाफुलांच्या शर्टातला बारवाला मुखवट्यांच्याच आकाराच्या पेल्यांत काहीबाही ओतत होता. मोठ्या दिरांना कंपनीने या रिसॉर्टची सहल दिली होती, आणि दिलीच आहे तर सगळ्यांनी जाऊ, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. थोरल्या जावेची दोन्ही मुलं पाळण्यांवर उंडारत होती. सासूबाईंनी सकाळी घेतलेली गवताची टोपी आतही डोक्यावर ठेवली होती आणि आपल्या नारळातल्या रसात खरंच काही घातलेलं नाही ना, हे त्या दर घोटाआधी हुंगून बघत होत्या.

"मैनेला माझ्याकडे दे," थोरली म्हणाली. तिने धाकटीच्या मुलीची उंच खुर्ची ओढून आपल्या शेजारी घेतली आणि खुर्चीची फळी टेबलाच्या कडेला भिडवली. "तू जरा निवांत बस. किती तो जीव खालीवर करून घेतेस."

हे तिने सगळ्यांदेखत, हसून म्हटलं होतं. त्यावर नाही म्हणणारी माणूसघाणी ठरते. धाकटी समोरच्या खुर्चीवर बसली. मैना आता तिच्या हाताच्या टप्प्यात नव्हती.

मैना हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. तान्ही असताना पोर पाळण्यात पडल्या पडल्या इतकी बडबडायची की शेजारी हसायचे. आता दीड वर्षाची झाली होती आणि तिच्या तोंडून एक शब्द फुटलेला नव्हता. सासूबाईंच्या मते दोष उघड होता. आई बोलली तर पोर बोलेल. हिचं तोंड सदा पुस्तकात नाहीतर फोनमध्ये. शिकलेल्या सुनांचं असंच. एरवी आमच्या घराण्यात सगळं धडधाकट, त्या वर म्हणायच्या, उणं आलंच तर ते बाहेरून आलेलं.

धाकटीच्या सख्ख्या मावशीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लग्न ठरताना ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

घरी वरच्या मजल्याची जमीन लाकडाची होती. मैनेला हाक मारायच्या आधी धाकटी टाच आपटायची. फळी थरथरायची, मैना वळून बघायची, आणि त्याच श्वासात धाकटी मोठ्याने हाक मारायची. बघणाऱ्याला हाक आधी वाटे. तिने हे ठरवून सुरू केलेलं नव्हतं. केव्हा सुरू झालं, ते तिला आठवायचं नव्हतं.

थोरलीने पेयांचं कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि बारवाल्याला 'बुडालेलं गलबत' आणायला सांगितलं. बारवाल्याने मान डोलावली, काउंटरखालचं बटण दाबलं, आणि मैनेच्या पाठीमागच्या खांबावरच्या मुखवट्याने भोंगा वाजवला.

सासूबाईंची टोपी पडली. नवऱ्याच्या पेल्यातलं अर्धं पेय त्याच्या शर्टावर गेलं. पलीकडच्या टेबलावरचं तान्हं बाळ किंचाळून रडायला लागलं आणि त्याची आई बारवाल्याकडे रागाने बघत त्याला थोपटू लागली. मैनेला कुणीतरी कागदाची छोटी छत्री दिली होती. ती छत्री ती उघडत होती, मिटत होती. मग बारवाल्याने हसत हसत येऊन सगळ्यांच्या अंगावर पाण्याचा फवारा उडवला. तिच्या नाकावर थेंब पडला तशी ती वर बघून खुदकन हसली.

"वाघीण आहे," मोठे दीर म्हणाले.

"माझ्यावर गेलीय," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याची छाती फुगली. धाकटीही हसली, पण जरा उशिरा. थोरली तेवढी हसली नाही. तिने मैनेकडे बघितलं, मग टेबलाखाली वाकून पडलेली टोपी उचलली. टोपी हाताशीच होती, पण वर यायला तिला बराच वेळ लागला. धाकटीने टाच खुर्चीखाली ओढून घेतली.

पेला आला. थोरलीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बारवाल्याला खूण करून आणखी एक गलबत बुडवायला सांगितलं.

पुन्हा भोंगा. पुन्हा तान्हं बाळ. या वेळी थोरली टेबलावर कोपरं टेकून फक्त मैनेच्या पापण्यांकडे बघत होती.

"वहिनी, तुमचा आधीचा पेला तसाच आहे," धाकटी म्हणाली.

"असू दे. भावोजींना होईल. त्यांचं निम्मं शर्टाने प्यायलंय."

"त्या बाळाला त्रास होतोय."

"त्याची आई बघेल. तुला कसला त्रास? तुझी तर घाबरत नाही. तूच दचकतेस." आणि बारवाल्याकडे वळून ती म्हणाली, "अजून एक."

मोठ्या दिरांनी बायकोला विचारलं की आज काय समुद्र पिणार आहेस का. सगळे हसले. तिसऱ्या भोंग्याला सासूबाईंनी आधीच टोपी धरून ठेवली होती. पलीकडची आई बाळाला उचलून बाहेर निघून गेली. धाकटी उठली, मैनेचे हात चिकट झालेत असं कुणालाच उद्देशून न म्हणता तिने तिला खुर्चीतून काढलं आणि धुवायला घेऊन गेली.

मागोमाग थोरलीची पावलं येणार, हे तिला माहीत होतं, आणि ती आलीच. हात धुवायच्या खोलीतही भिंतींवर बांबूचे कागद चिकटवलेले होते आणि छतातून पाखरांची टेप वाजत होती. धाकटीने मैनेला बेसिनच्या कट्ट्यावर बसवून नळ सोडला.

"वहिनी, तुम्हाला काय मिळतं यातून?"

"काही नाही. मला ते आवडतसुद्धा नाही. फार गोड आहे." थोरलीने आरशात बघून कपाळावरचे केस मागे केले. "तुझ्या लग्नात मी तुझ्या मावशीशेजारी जेवायला बसले होते. वाढणारा मागून विचारत होता, हवं का, हवं का. ती आपली जेवतेय. तो पुढे येऊन उभा राहिला, तेव्हा कुठे हसली."

नळाचं पाणी मैनेच्या बोटांवरून वाहत होतं. धाकटीने एकेक बोट नीट धुतलं, धुतलेलं पुन्हा धुतलं.

"घरात कुणाला सांगितलंत?"

"सांगायचं असतं तर इतकी वर्षं थांबले असते? माझ्या तोंडून निघालं की मी कळलावी. तुझं तू सांग."

"तुमची दोन्ही धडधाकट आहेत. तुम्हाला बोलायला काय जातं?"

"म्हणून तर फरक कळतो." थोरलीने पर्समधून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. धाकटीने तो घेतला नाही. मैनेचे हात तिने आपल्या ओढणीला पुसले. थोरलीने रुमालाची घडी परत पर्समध्ये ठेवली. "टाच किती वर्षं आपटणार आहेस? शाळेत बाकाखाली बसशील?"

तिच्या आवाजात दया असती, तर धाकटी तिथेच रडली असती. ती नव्हती. भांडी घासणाऱ्या बाईला राहिलेला डाग दाखवावा, तशी ती बोलत होती. धाकटीने मैनेला कडेवर घेतलं आणि तिच्या अंगावरून बाहेर पडली. आता ही सगळ्यांसमोर सांगणार. कळलावी म्हणवून घ्यायला ही भिते, यावर तिचा काडीचा विश्वास बसला नव्हता.

टेबलापाशी आल्यावर थोरलीने न विचारता मैनेला तिच्या कडेवरून काढून उंच खुर्चीत बसवलं. धाकटीने ओढाताण केली नाही. सासूबाई तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या. भोंग्याचं कसलं कौतुक, त्या आपल्या दोन्ही मुलग्यांना सांगत होत्या, यंत्राला काय भ्यायचं. पोरीला माझी हाक बरोबर कळते, बघाच तुम्ही. टोपी तोंडावर धरून त्या मैनेच्या पाठीमागे गेल्या.

"मैना. मी कुठाय?"

मैनेने छत्री उघडली.

"ए मैना."

मोठे दीर काहीतरी सांगत होते, ते थांबले. धाकटीने टाच आपटली. सिमेंट. तिने आणखी जोरात आपटली. कळ गुडघ्यापर्यंत गेली.

"मैना." या वेळी सासूबाईंच्या आवाजातला खेळ गेला होता. टोपी तोंडावरून खाली आली होती.

थोरलीचा तळवा टेबलावर फाडकन पडला. पेले उडाले, टेबलाला भिडलेली फळी हादरली. मैनेने दचकून मान वर केली. थोरलीने नुसत्या भुवया उंचावून तिच्या पाठीमागे बघितलं. मैना वळली, तिला आजी दिसली, आणि ती टाळ्या पिटत हसू लागली.

"माशी होती," थोरली म्हणाली.

"बघा, ऐकलं की नाही?" सासूबाईंचा चेहरा उजळला. "कळतं सगळं. कानाडोळा करते, लबाड."

"ऐकते हो," थोरली म्हणाली. "आईसारखी आखडू आहे, एवढंच."

नवरा हसला. मोठे दीर हसले. थोरलीने तळवा ओल्या टेबलावर तसाच ठेवला होता. तो लाल झाला होता. तिने धाकटीकडे बघितलं नाही. आभार नकोत, वैरही सुटलेलं नाही, असं ते न बघणं होतं. धाकटीच्या छातीतून श्वास सुटला. पुढच्या हाकेला ही असेल. त्याच्या पुढच्यालाही असेल कदाचित. घरी फळ्या आहेत. मग शाळा.

"थांबा, पुन्हा करू," सासूबाई म्हणाल्या. त्यांना चेव चढला होता. त्या आता लांब, काउंटरपर्यंत मागे गेल्या आणि त्यांनी बारवाल्यालाही बघायला सांगितलं. मैना पुन्हा छत्रीकडे वळली होती.

"मैना."

थोरलीचा तळवा टेबलावरून उचलला गेला.

धाकटीने हात लांबवला आणि त्या हातावर ठेवला. मग दाबला, बांगड्यांसकट, टेबलाला लागेपर्यंत. थोरलीने हात सोडवून घेतला नाही. तिने पहिल्यांदाच धाकटीकडे बघितलं, आणि मग दोघी मैनेकडे बघू लागल्या.

"मैना. ए मैना."

छत्री मिटली. उघडली. नवऱ्याने पेला खाली ठेवला. त्याने आधी मुलीकडे बघितलं, मग टेबलावर एकावर एक असलेल्या त्या दोन हातांकडे, मग पुन्हा मुलीकडे.

"मैना," काउंटरपासून सासूबाईंनी हाक मारली.

टेबलाखाली धाकटीचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले होते.