सुंदराबाईची ओटी

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. काचेला तडा गेलेला, आणि अजूनही गोंधळलेला.

अकोटच्या बाजारातून चंद्रभानने मला आणले. त्याची आई सुंदराबाई स्मृतिभ्रंशाने आजारी होती. कुठे दुखते, हे तिला सांगता येत नव्हते. म्हणून आरोग्यसेविका नगमाने माझ्यात एक अ‍ॅप घातले. मी रोज विचारायचो : कपाळावर आठ्या आहेत का? कण्हणे आहे का? हात शरीराच्या एकाच भागाकडे पुन्हा पुन्हा जातो का? चंद्रभानची बायको इंदूबाई 'हो' किंवा 'नाही' दाबायची. त्यावरून वेदना किती, ते मी सांगायचो.

सुंदराबाईचा हात सारखा कमरेकडे जायचा. लुगड्याच्या निऱ्या सुटायच्या. पण जन्मभर तिने कापूस वेचून कमरेच्या कापडी ओटीत भरला होता, त्यामुळे घरात कोणाला नवल वाटत नसे. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने शेतात वेचण्यासारखे काही ठेवले नव्हते.

"पाह्य, बुढी कापूस वेचून राहिली," चंद्रभान हसायचा. "आपल्या वावरात नाई पिकलं, हिच्या वावरात पिकलं!"

इंदूबाईही हसून हाताच्या प्रश्नाला 'नाही' दाबायची. मी दाखवायचो : वेदना कमी.

मग सुंदराबाई घास थुंकू लागली. अंघोळ घालताना चावू लागली. माझा आकडा मात्र कमीच. चूक कुठे होती, मला कळेना.

"हात बांधून ठेव तिचे," एक दिवस चंद्रभान वैतागला. "रोज लुगडं सोडते. लोकं पाह्यतात."

"थांबा ना जी. ओटीच पायजे ना त्याइले? मंग ओटीच बांधून देतो."

इंदूबाईने स्वतःची ओटी सासूच्या कमरेला बांधली आणि पुढ्यात मूठभर कापूस ठेवला. सुंदराबाईने कापसाकडे पाहिलेही नाही. ओटी बाजूला सारून तिचा हात उजव्या खुब्यावर गेला. इंदूबाईने तिथे हलकेच बोटे टेकवली, तशी ती ओरडली.

"आत्याबाई! अवो, हे वेचणं नोये जी. वेचाले तं दोनी हात लागतात. मी सोता वेचतो, मले काहून नाई दिसलं?"

चंद्रभान गाडी आणायला गेला.

दवाखान्यात कळले, खुब्याच्या हाडाला चीर होती. ती चीर कधी पडली, कोणालाच ठाऊक नव्हते. उपचार झाले. सुंदराबाई पुन्हा जेवू लागली.

नंतर एका सकाळी ती उन्हात बसली होती. दोन्ही हात हवेत काहीतरी खुडत होते आणि कमरेशी नेऊन ठेवत होते. चेहरा शांत होता. मी हाताचा नेहमीचा प्रश्न विचारला. इंदूबाईने आधी खुब्यावर हात ठेवून पाहिला, मग 'नाही' दाबले.

मित्रांनो, हे 'नाही' खरे होते आणि आधीचे खोटे. मला मात्र दोन्ही अगदी सारखेच ऐकू आले. म्हणून विनंती करतो, माझे बटण दाबण्याआधी आपल्या माणसाला एकदा हात लावून पाहा. मला हात नाहीत.