काचेची पडवी

मी लेन्सचा हूड बोलतोय. ओळखलं नाहीत ना? कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेभोवती काळ्या प्लास्टिकची, पाकळ्या कातरल्यासारखी एक कडी असते, तोच मी. आडवं ऊन काचेवर येऊ द्यायचं नाही आणि कुठे आपटलंच तर पहिला मार आपण खायचा, एवढंच माझं काम. पण त्यासाठी मला सरळ बसवावं लागतं, आणि माझा बहुतेक जन्म उलटा बसून गेला.

धसईच्या बाजारात जगदीशचा फोटो स्टुडिओ आहे. लेन्स आणि मी एकाच खोक्यातून त्याच्या घरी आलो. सुरुवातीचे दिवस मोठ्या थाटाचे होते. बाहेर पडताना जगदीश मला टक्कन फिरवून बसवायचा आणि मी छाती काढून लेन्सपुढे उभा राहायचो. त्याची आई बाईजा ओट्यावर तांदूळ निवडत असायची. तिने एकदा मला निरखून बघितलं आणि विचारलं, "ही तुझ्या काचेची पडवी का रे?"

जगदीश हसला. मला मात्र ते नाव फार आवडलं. ऊन-पाऊस अंगावर घेते ती पडवी. मग मी दुसरं काय करत होतो?

मग टोकावड्याकडची एक हळद आली. मांडवात उजेड कमी, म्हणून जगदीशने कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश उघडला. फ्लॅश उडाला की माझी सावली फोटोच्या खालच्या कडेला अर्धगोल पडते, हे त्याला ठाऊक नव्हतं. सावली पडली ती नेमकी नवरीच्या हळद लावलेल्या पायांवर. अल्बम बघून नवरीची आजी गीताबाई तडक दुकानात आली.

"पोरा, हळदीच्या पायाशी काळं कशाला आणलंस? आमच्या पोरीनं तुझं काय वाईट केलं?"

 जगदीशने हात जोडले, सगळे फोटो कडा कापून परत छापून दिले. खरं तर फ्लॅश उडवायचा तेव्हा मला काढायचं आणि उन्हात परत लावायचं, इतकं सोपं होतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याने मला उलटा करून लेन्सच्या अंगावर चढवला, तो कायमचाच. मांडवात उलटा, उन्हात उलटा, देवळात उलटा. लोक माझ्याकडे बघून कॅमेरा भारी आहे म्हणायचे. घरात ठेवलेल्या शोभेच्या तलवारीचाही एवढाच मान असतो.

माझ्या जागी एक फिल्टर आला. लेन्सवर बसवायची साधी गोल काच. एका वरातीत कॅमेरा टेम्पोच्या लोखंडी कडेवर आदळला, फिल्टरला तडा गेला आणि लेन्स वाचली. सरळ असतो तर तो मार मी खाल्ला असता. जगदीशने फिल्टरचं कोण कौतुक केलं आणि लगेच दुसरा आणून बसवला, अगदी स्वस्तातला. मी मनातून जळलो, हे कबूल करतो.

बाईजाचा फोटो मात्र हौसेने कुणी काढला नव्हता. जगदीशने पंचक्रोशीतल्या नवऱ्या काढल्या, बारशी काढली, शाळेची संमेलनं काढली. आईला म्हटलं की ती म्हणायची, "गिऱ्हाइकांचे काढ. मी काय, घरातच हाय." आणि त्यालाही ते पटायचं. घरातलं माणूस कुठे जातंय?

कार्तिकात एका संध्याकाळी तीच आपणहून म्हणाली, "आज काढ." भात कापून झालं होतं, भारे बांधून झाले होते, आणि मनासारखं पीक आल्याने ती खुशीत होती. हिरवं लुगडं नेसून ती बांधावर उभी राहिली. ऊन थेट तोंडावर आलं, म्हणून तिने कपाळावर हात आडवा धरला.

"आई, हात खाली घे. तोंड दिसत नाय."

"ऊन डोळ्यात येतं रे. तू दिसत नायस मला."

म्हणून जगदीशने तिला उलट्या अंगाला उभं केलं. आता तिची पाठ सूर्याकडे आणि आमचं तोंड सूर्याकडे. बाईजाच्या ते लगेच ध्यानात आलं.

"आता ऊन तुझ्या यंत्राच्या डोळ्यात जातंय. ती पडवी लाव की. नायतर हात तरी धर."

"असू दे गो आई. तू हस."

ती हसली. एक दात पडलेलं, भरभरून हसू. जगदीशने बटण दाबलं. आडवं ऊन काचेत घुसलं, फिल्टर आणि लेन्स यांच्यामध्ये इकडून तिकडे आपटलं, आणि बाईजाच्या चेहऱ्यावर पांढुरकं धुकं पसरलं. त्यात एक हिरवट गोल ठिपका, बरोबर हसण्यावर.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता कळेल याला फिल्टरची लायकी आणि माझी किंमत, असं मनात आलं. त्या आनंदाची लाज मला अजून वाटते.

उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नीट दिसत नव्हतं. घरी जाऊन बघितल्यावर जगदीश म्हणाला, "हात्तिच्या! परत काढू."

पौषात बाईजा दोन दिवसांच्या तापाने गेली.

दहाव्याला फोटो हवा होता. जगदीश संगणकापुढे बसला. हजारो लोकांच्या तोंडावळ्यांत आईचा एकच फोटो निघाला. त्याने उजेड कमी केला, रंग चढवले, ठिपका पुसायला गेला तर हसूच पुसलं गेलं. त्याची बायको अनिता मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "अवो, ऱ्हाऊ द्या आता." शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. त्यात बाईजा दटावून बसवल्यासारखी दिसते. हार घालताना तिची बहीण बारकी म्हणाली, "ही आमची बाईजा नाय रे. आमची बाईजा हसरी होती."

 त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशीही नव्हे, पण महिन्याभराने जगदीशने फिल्टर काढून खणात टाकला आणि मला सरळ बसवलं. टक्. किती दिवसांनी तो आवाज ऐकला! मग त्याच वेळेला, त्याच बांधावर आम्ही गेलो. सूर्य तसाच आडवा होता. उरलंसुरलं ऊन त्याने डाव्या हाताच्या तळव्याने अडवलं, आणि बटण दाबलं.

फोटो स्वच्छ आला. धुकं नाही, ठिपका नाही. भाताची खुंटं मोजता येतील इतका स्वच्छ. बांधावर कुणी नव्हतं.

आता मी रोज सरळ असतो. एका पाकळीला चीर गेली आहे, तरी जगदीश मला बदलत नाही. म्हाताऱ्या माणसांचे फोटो तो आधी काढतो, आणि जागेवरच, सावलीत नेऊन तपासतो.

तुमच्याही पिशवीत माझा एखादा भाऊ उलटा पडलेला असेल. त्याला फिरवा. तो नसेल तर आपला हात धरा, तेवढाही पुरतो. बाईजाने हेच सांगितलं होतं, आणि ती समोर उभी असताना सांगितलं होतं.