पितळी बोल्टांची शिडी

शिडी मीच बसवली. आधीच सांगून टाकते, उगाच नंतर कुणी उकरून काढायला नको.

आमच्या मत्स्यालयात काका तीस वर्षं शार्क सांभाळतायत. गुडघे कामातून गेले, तरी रोज टाकीत उतरायचं खूळ जात नाही. म्हणतात, "मी दिसलो नाही तर बाईसाहेब जेवत नाहीत." बाईसाहेब म्हणजे आमची शार्क. काकांचे हाल बघवेनात, म्हणून मी उथळ बाजूला स्टीलची शिडी लावली. पाण्याखाली स्टीलचे बोल्ट कमी पडले, तिथे पितळेचे लावले. काका जाम खूश.

त्याच आठवड्यात बाईसाहेबांनी खाणं सोडलं. घास घ्यायला यायची आणि एकदम दचकून वळायची, समोरच्या भिंतीवर नाक आपटायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आम्ही पाणी बदललं, मासे बदलले. शिडीकडे एकानंही पाहिलं नाही.

आज सकाळी ती तळाशी बसली. या जातीची शार्क थांबली की गुदमरते. पुढे सरकली तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं. मी तशीच आत उतरले, तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि छातीभर पाण्यात फेऱ्या मारायला लागले. शिडीजवळ ती शहारली. दुसऱ्या फेरीलाही तिथेच. तिसऱ्या फेरीला माझ्या डोक्यात उजेड पडला.

तिच्या नाकाडावरची ती बारीक छिद्रं! वाळूत दडलेल्या माशाच्या शरीरातली वीजसुद्धा तिला त्या छिद्रांमुळे कळते. आणि मी अक्कलशून्य बाईनं खाऱ्या पाण्यात स्टीलला पितळ जोडून तिच्या जेवणाच्या जागी चक्क बॅटरी लावून ठेवली होती. हे शाळेत शिकलेय मी!

"काका, शिडी काढा! तिला शिडीचा त्रास होतोय!"

ते काठावर पालथे पडले, पाना घेऊन पाण्यात हात खुपसला. "माझ्या मेल्या गुडघ्यांपायी," एवढंच पुटपुटले.

माझे हात भरून आले होते. "चल गं बाई, चल," म्हणत मी आणखी एक फेरी घेतली. शिडीपाशी आलो. ती शहारली नाही. अगदी शांत होती.

"सुटली शिडी!" मी रडत ओरडले. "काका, बघा, दचकली नाही!"

काकांनी मान वर केली नाही.

"अजून एकही बोल्ट निघाला नाहीये, पोरी."

मी चालतच राहिले.